गोदाकाठाहून मालवणच्या प्रवाळांपर्यंत

नाशिकहून मालवण म्हणजे पुणे, कोल्हापूर करत गगनबावड्याचा घाट उतरायचा. रस्त्याचं वर्णन करत बसत नाही. सांगायचंय ते सगळं सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाबाहेर, पाण्याखाली आहे.

डिसेंबर असल्याने पाणी नितळ होतं. होडीवाल्या काकांनी उतरण्याआधीच बजावलं, "खडकार पाय टेकवू नकात हां, जिवंत आसा तो." मास्क लावून खाली पाहिलं तर तपकिरी-हिरवट गोळा. जवळ गेल्यावर त्यावर मोहरीच्या दाण्यासारखे असंख्य खळगे दिसले. प्रत्येक खळग्यात एक जीव, म्हणजेच प्रवाळ! त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न बनवतं, त्यातलं बरंचसं प्रवाळाला देतं, आणि प्रवाळ चुन्याचं घर रचत जातो. पोराइट्स जातीचा असा गोळा वर्षाला जेमतेम 1 सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. हातभर उंचीचा गोळा सहज माझ्या वयाचा असेल! कपारींतून काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे इवले मासे ये-जा करत होते. समुद्रतळाचा 1 टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, तरी सुमारे 25 टक्के सागरी प्रजातींना त्यांचा आसरा लागतो.

पाण्यात ऊन उतरलं नाही तर हे सगळं थांबतं. तेव्हा मला आपली गोदावरी आठवली. पुराचं पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागतं तेव्हा त्याचा रंग आपण पाहतोच. त्र्यंबकहून निघालेली नदी 1465 किलोमीटरवर बंगालच्या उपसागराला मिळते, तिथे तिच्या गाळामुळे आणि गोड्या पाण्यामुळे प्रवाळांच्या भिंती उभ्या राहत नाहीत. ती नदीची रीत, तिला दोष कसला?

पण मालवणात एका होडीने प्रवाळावरच नांगर टाकला, तो दोष आपलाच. पांढरे तुकडे तळाशी विखुरले आणि माझ्या पोटात कालवलं. फोटोसाठी पाव टाकणंही चालू होतं. शेवाळ चरून प्रवाळाला जागा मोकळी ठेवणारे मासे पावाला सोकावले, तर ते काम कोण करणार? हे 1987 पासूनचं सागरी अभयारण्य आहे, आणि दगडी प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. समुद्र तापला की प्रवाळ शैवाल गमावून पांढरे पडतात. त्यात आपल्या नांगरांची भर कशाला?

नाशिकहून कुणी जाणार असेल तर होडी ठरवतानाच विचारा, नांगर कुठे टाकता? वाळूत म्हणाले तरच बसा. उन्हासाठी अंगाला सनस्क्रीन क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घाला, आणि पाव घरीच खा.