लाईट घेण्याआधी जागा मोजा

निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत आपल्या बेळगाव भागातल्या फोटोग्राफरचं काम एका छताखाली मावत नाही. सकाळी दुकानात पासपोर्ट फोटो, दुपारी मंगल कार्यालयात अक्षता आणि रविवारी राजहंसगडावर प्री-वेडिंग. म्हणून लाईट घेताना पहिला प्रश्न ‘किती वॅटचा’ हा नसावा, ‘कुठे लावणार’ हा असावा.

वॅटच्या आकड्यावरून फार लोक फसतात. दुकानात ६० वॅटचा एलईडी आणि २०० वॅट-सेकंदाचा (एका झटक्यात ओतली जाणारी ऊर्जा या मापात मोजतात) फ्लॅश शेजारी ठेवले, की एलईडी डोळ्याला झगझगीत दिसतो आणि तोच घ्यावासा वाटतो. आता हिशोब बघा. शटर १/२०० सेकंद असेल तर एलईडीकडून त्या क्षणात मिळतात ६० भागिले २००, म्हणजे ०.३ वॅट-सेकंद. फ्लॅश मात्र तेवढ्याच वेळात आपले जवळजवळ सगळे २०० ओतून मोकळा होतो. एलईडी विजेचा जास्त वाटा उजेडात बदलतो हे धरलं तरी फरक शेकडो पटींचा राहतो. व्हिडिओसाठी किंवा ट्रायपॉडवर दागिन्यांचे फोटो काढायला एलईडी उत्तम. हलत्या माणसांचे स्टिल फोटो काढायचे तर फ्लॅशच हवा.

माझं स्पष्ट मत असं: पहिला लाईट बॅटरीवरचा, २०० वॅट-सेकंदाचा घ्या. गोडॉक्स एडी२०० हा त्यातला सगळीकडे दिसणारा नमुना. एका चार्जिंगमध्ये पूर्ण ताकदीचे सुमारे ५०० फ्लॅश मिळतात, आणि साधं डोकं काढून बेअर बल्बचं, म्हणजे उघड्या बल्बचं, डोकं लावता येतं. ट्रिगर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून लांबचा फ्लॅश उडवणारं यंत्र, फ्लॅशच्याच कंपनीचा पण आपल्या कॅमेऱ्यासाठी बनवलेला मागा. कॅननसाठीचा ट्रिगर निकॉनवर नीट चालत नाही. सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) घेताना बोवेन्स कंपनीच्या माउंटचा, म्हणजे लाईटवर बसणाऱ्या त्या पद्धतीच्या कडीचा, घ्या. ती ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद पडली, पण तिचा माउंट बऱ्याच कंपन्यांनी उचलला, त्यामुळे उद्या लाईट बदलला तरी सॉफ्टबॉक्स वाया जात नाही.

वीजजोडणीवर चालणारे ४०० वॅट-सेकंदाचे स्टुडिओ लाईट स्वस्त पडतात, पण ते स्वतःच्या दुकानातच ठेवावेत. कार्यालयात डेकोरेटरच्या एकाच एक्स्टेंशनवर सिरीजच्या माळा, पंखे आणि साउंड चाललेलं असतं. फ्लॅश चार्ज होताना त्यातला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) झटक्यात मोठा करंट ओढतो. वायर बारीक असली की व्होल्टेज बसतं, फ्लॅश भरायला पाच-सहा सेकंद लागतात आणि नेमक्या अक्षता पडताना तो उडतच नाही. लाईट गेली म्हणून स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लावला तर आतलं सर्किट जळू शकतं. नाइलाजाने न्यायचाच झाला तर स्वतःची १.५ चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची वायर न्या, गुंडाळी पूर्ण उलगडा आणि अर्थिंग असलेलाच पॉइंट घ्या.

कार्यालयात फ्लॅश छतावर बाउन्स करण्याची, म्हणजे छतावर मारून उजेड खाली आणण्याची, सवय घातक आहे. छत वीस फुटांवर, आणि त्याखाली गुलाबी किंवा पिवळं कापड ताणलेलं. तोच रंग नवरीच्या गालावर उतरतो. त्यापेक्षा ४३ इंची पांढरी छत्री स्टँडवर आठ फूट उंच, स्टेजच्या कोपऱ्यात लावा. स्टेजवर पिवळे बल्ब असतील तर फ्लॅशवर अर्धा सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक कागद) चढवा, म्हणजे चेहरा निळसर आणि मागचा मंडप नारिंगी असं होत नाही. ताकद १/४ वर ठेवा. फ्लॅश अर्ध्या सेकंदाच्या आसपास पुन्हा तयार होतो.

दुकानाची जागा घेताना टेप बरोबर ठेवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्सने उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत घ्यायला सुमारे १६ फूट अंतर लागतं, शिवाय मागे पडद्यासाठी चार फूट. १० बाय १२ च्या खोलीत ते होत नाही. तिथे पासपोर्ट आणि अर्धी छबीच करा. भिंतीला मॅट पांढरा किंवा करडा रंग द्या. फिकट हिरव्या भिंतीवरून परत येणारा उजेड माणसाला आजारी दाखवतो.

जरीबद्दल थोडं सविस्तर. इरकल किंवा शहापूरच्या साडीवर समोरून थेट फ्लॅश मारला तर जरीचे काठ पांढरेफटक पडतात आणि विणच जाते. १२० सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स (आठ बाजूंचा सॉफ्टबॉक्स) चार फुटांवर, बाजूला घ्या आणि त्याचं तोंड माणसाच्या थोडं पुढे वळवा. चेहऱ्यावर कडेचा मऊ उजेड येतो, काठ चमकतो पण फुटत नाही. लाईट बरोबर आहे की नाही हे नथीच्या मोत्यात बघावं: झूम केलं की प्रत्येक मोत्यात आपला लाईट दिसतो. छत्री असेल तर काड्यांसकट, चौकोनी सॉफ्टबॉक्स असेल तर खिडकीसारखा, उघडा फ्लॅश असेल तर टोचणारा ठिपका.

बाहेर दुपारच्या उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० ला ॲपर्चर एफ ११ च्या आसपास येतं. तेवढा उजेड २०० चा बेअर बल्ब रिफ्लेक्टरसह दीड-दोन मीटरवरून देतो. सॉफ्टबॉक्स लावला की दीड-दोन स्टॉप खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि मग ६०० वॅट-सेकंदाचा लागतो. हाय स्पीड सिंकमध्ये, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपेक्षा वेगवान शटरवर फ्लॅश वापरताना, ताकद आणखी घटते. मागचं धूसर हवं असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (लेन्ससमोरची काळसर काच) लावून एफ ४ वर या, शटर तेच राहू द्या. फ्लॅशचा उजेडही तीन स्टॉपने घटतो, पण उन्हाशी त्याचं प्रमाण बदलत नाही.

राजहंसगडावर वारा असतो. तिथे छत्री उघडलीच तर स्टँडच्या पायावर आठ-दहा किलोची वाळूची पिशवी हवी, आणि शिवाय एक माणूस. कणकुंबी-आंबोलीकडच्या धुक्यात कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावू नका, थेंब पांढरे गोळे होऊन समोर येतात. लाईट बाजूला, जवळ धरा.

पावसाळ्यात लाईट तीन-चार महिने पडून राहतात. बॅटरी निम्म्या चार्जवर काढून ठेवा, पेटीत सिलिका जेल टाका. तुळशीचं लग्न झाल्यावर सराई सुरू होते, त्याआधी आठवडाभर लाईट बाहेर काढा. सर्वात कमी ताकदीवर दहा फ्लॅश, थोडी विश्रांती, मग एकेक पायरी वर. पडून राहिलेल्या कपॅसिटरवर पहिलाच फ्लॅश पूर्ण ताकदीचा मारला तर तो फुटू शकतो.