सांदवाडीत कोहळं पिकवताना: माझा अनुभव

पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा म्हणजे आमच्या वऱ्हाडातलं कोहळं, आणि सांदवाडी म्हणजे घरामागची परसबाग. पेठ्याचं पांढरं ते भुरं कोहळं, त्याचा इथे संबंध नाही. वेल काय, उकिरड्यावरही माजतो. कस लागतो तो फळ धरायला, आणि धरलेलं फळ उन्हाळ्यापर्यंत टिकवायला.

जमीन काळी आणि भारी असेल तर खोलगट आळं करू नका. ऑगस्टच्या झडीत त्याचं डबकं होतं आणि मुळं सडतात. मी दोन फूट रुंद, फूटभर खोल खणते. निघालेल्या मातीत दोन टोपली कुजलेलं शेणखत, एक टोपली रेती आणि पाव किलो निंबोळी पेंड मिसळून परत भरते, ती जमिनीपासून वीत-दीड वीत वर येईल इतकी. बाजूने पाणी निघायला चर. दोन उंचवट्यांत ८ फूट अंतर. कमी ठेवलं की वेलाखाली हवा खेळत नाही आणि केवडा, भुरी हे पानांवरचे बुरशीचे रोग लवकर येतात.

मृगाच्या पहिल्या सरीला मी बी टाकत नाही. दोन-तीन दमदार पाऊस झाले की जूनअखेर टोबते (बोटाने मातीत दाबते), म्हणजे फुलांचा भर झडीतून सरकून सप्टेंबरकडे जातो. पितृपक्षाच्या भाजीला पिकलं कोहळं हवं असेल तर मात्र मे महिन्यातच पाणी देऊन लावावं लागेल. बी रात्रभर भिजवून एका जागी पाच, इंचभर खोल, आडव्या. आठवड्यात उगवतात. दोन जोमदार रोपं ठेवून बाकीची कात्रीने कापायची. उपटली तर शेजारच्याची मुळं हलतात.

पहिले तीन आठवडे तांबड्या भुंगेऱ्यांचे. कोवळ्या पानांची चाळण करतात, आणि त्यांच्या अळ्या मातीत मुळं खातात. तुराट्यांची कमान करून त्यावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ताणायचा आणि कडा मातीत दाबायच्या, याहून चांगला उपाय मला माहीत नाही. जाळी नसेल तर पहाटे भुंगेरे सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका. दवावर राख भुरभुरली तर थोडा फरक पडतो, पण पाऊस आला की पुन्हा पहिल्यापासून. आणि तणनाशक मारलेला पंप या वेलाजवळ आणूच नका. धुतलेल्या पंपातला उरलासुरला अंशही कोहळ्याची पानं पिळवटून टाकतो.

वेल ५-६ फूट झाला की शेंडा खुडते; मादी फुलं बगलफुटींवर जास्त येतात. पेरं जमिनीला टेकली की त्यावर मूठभर माती टाकायची, तिथेही मुळं सुटतात. पऱ्हाटीला (कपाशीला) टाकलेला युरिया उरला म्हणून इथे ओतायचा मोह आवरा. पानं छत्रीएवढी होतील आणि फळ धरणार नाही.

आता फुलांचं. आधी दहा-पंधरा दिवस नुसती नर फुलं येतात, लांब बारीक देठाची. घाबरायचं कारण नाही, भजी करा. मादी फुलाच्या बुडाशी सुपारीएवढं कोहळं असतं. ते चार-पाच दिवसांत पिवळं पडून गळलं की लोक औषध शोधतात, पण बहुतेक वेळा परागीभवनच झालेलं नसतं. ढगाळ दिवसांत मधमाश्या फिरत नाहीत आणि फूल एकच सकाळ उघडं राहतं, नऊ-दहापर्यंत मिटतं. भिजलेला पराग तर निकामीच. म्हणून आदल्या संध्याकाळी उद्या उमलणारी फुलं हेरते. कळीचं टोक पिवळं दिसतं. त्या नर-मादी दोन्ही कळ्यांवर कागदाची टोपी घालते. सकाळी सहा ते आठच्या आत नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या आणि मधला दांडा मादी फुलाच्या मधल्या फुगीर भागावर सगळीकडून हलके फिरवायचा. एका नरावर दोन माद्या होतात. पुढच्या दोन-तीन दिवसांत फळ फुगायला लागलं की जमलं.

एका वेलावर दोन-तीन फळं पुरे. फळ लिंबाएवढं झालं की जुन्या सुती कापडाची सैल पिशवी बांधते, नाहीतर फळमाशी टोचते. टोचलेल्या जागी डिंकासारखा थेंब दिसतो, आत अळ्या. साल कडक व्हायला लागली की पिशवी काढायची. गंध-सापळा फक्त नर माश्या ओढतो, त्यामुळे एवढ्याशा सांदवाडीत नुसत्या त्याच्यावर विसंबू नये. किडलेलं फळ उकिरड्यावर टाकलं तर माश्याच वाढवल्या. दोन फूट खोल पुरा. प्रत्येक फळाखाली एक कवेलू (छपराचं कौल) ठेवायचं, ओल्या मातीला टेकलेली बाजू हमखास सडते. भुरीवर गंधक फवारायचं असेल तर जपून, ऑक्टोबरच्या उन्हात या वेलाची पानं त्याने करपतात.

तोडणीची घाई सगळ्यात महाग पडते. नुसता रंग बघू नका. देठ वाळून बुचासारखा झाला पाहिजे, सालीची चकाकी गेली पाहिजे आणि नख रुतायला नको. फळ धरल्यापासून साधारण दीड महिना लागतो. विळ्याने दोन-तीन इंच देठ ठेवून कापायचं आणि देठाला धरून उचलायचं नाही. देठ मोडला की तिथूनच कूज शिरते. ते कोहळं आधी खाऊन टाकायचं.

बाकीची दहा-बारा दिवस सावलीत, वाऱ्यावर सुकवते. सालीवरच्या बारीक ओरखड्यांवर तेवढ्यात खपली धरते. मग कोरड्या कुटारावर (मळणीच्या भुशावर) सुटी सुटी मांडायची, एकावर एक नाही. धुवायचं नाही, फडक्याने पुसायचं. पंधरा दिवसांनी एकदा प्रत्येक फळ उलटून बूड दाबून बघायचं. मऊ लागलं तर त्याच दिवशी चिरून खराब भाग काढायचा आणि उरलेल्याचे बोंडं तळायचे.