ऊसतोड बाईशी बोलायचं तर परवानगी कुणाची?

समाजशास्त्रातलं माझं पीएचडीचं काम बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनवर आहे. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. बाई ऑपरेशनपर्यंत पोचते कशी, ते मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं.

आधी विद्यापीठाची नैतिकता समिती. निरक्षर बाईचा अंगठा घेताना तिऱ्हाईत साक्षीदार हवा, हा आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा नियम. नियम रास्तच आहे, पण ऊसतोडीच्या फडावर तिऱ्हाईत मिळणार कुठून? टोळीत सगळी एकमेकांची सोयरी, आणि लिहितावाचता येणारा बहुधा मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्याच घरचा. त्याच्यादेखत ती खाड्याबद्दल काय बोलेल? एक दिवस काम बुडालं की दंड, तोच खाडा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि उचल, म्हणजे मुकादमाकडची आगाऊ रक्कम, दोघांच्या जिवावर घेतलेली. त्यामुळे तिची पाळी, अंगावरून जाणं, ओटीपोटातली कळ, सगळ्याचा हिशेब शेवटी उचल फिटते का याच्याशी जाऊन भिडतो. म्हणून मी मुलाखती फडावर न घेता, पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, बायका गावी परतल्या की घ्यायच्या आणि साक्षीला गावची आशाताई, म्हणजे आशा आरोग्यसेविका, बसवायची, असं लिहून दिलं. बरेच खुलासे झाले, मग मंजुरी मिळाली.

गावात घरोघरी नवऱ्याचं एकच वाक्य: "तिला काय कळतंय, मला इचारा." सासूचंही तेच. आशाताईंनी वेळ सुचवली, दुपारची. पुरुष पारावर असतात तेव्हाची.

तिशीच्या आतबाहेरची एक बाई. पांढरं जातंय म्हणून खासगी दवाखान्यात गेली, तर "कॅन्सर व्हईल म्हणला डाक्टर" एवढं ऐकून त्याच आठवड्यात टेबलावर. बोलता बोलता उठली, पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकची पिशवी काढली: सोनोग्राफी, औषधांच्या चिठ्ठ्या, घडीवर फाटलेलं डिस्चार्ज कार्ड. "ताई, यात काय लिवलंय?" कार्ड इंग्रजीत. मी वाचून सांगितलं, पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयंही काढली आहेत. तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. अंगातून वाफा निघतात, हाडं ठणकतात, ते कामानं असेल असं ती धरून चालली होती. या वयात अंडाशयं गेली की पाळी जाण्याचा सगळा त्रास एकदम अंगावर येतो आणि हाडं ठिसूळ होतात.

२०१९नंतर बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. हिचं त्याआधीच झालेलं.

मी समितीकडे सुधारित अर्ज केला: मुलाखतीआधी बाईची तयारी असेल तर तिचे कागद तिला मराठीत वाचून दाखवायचे, आणि गरज असेल तिथे आशाताईंबरोबर सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवायचं. तो लगेच मंजूर झाला. आता बायका प्रश्नांची वाट बघत नाहीत, बसतानाच पिशवी पुढे सरकवतात.