मॅरेथॉनची बाटली: साखर किती, मीठ किती

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला पहाटेचा गारवा फसवतो. पूर्ण अंतर साडेचार तासांत धावणारा परतीच्या वाटेवर पेडर रोडच्या चढाला लागतो, तोवर ऊन चढलेलं असतं आणि ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, संपत आलेलं असतं. शरीरात त्याचा साठा जेमतेम ४००-५०० ग्रॅम. त्यामुळे भूक लागण्याची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या तासातच खायला सुरुवात करावी.

ताशी ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट बहुतेकांना पुरतं. आतड्यातून ग्लुकोज शोषणारी वाट तासाला साधारण तेवढंच पुढे सोडते. फ्रुक्टोजची वाट वेगळी असते, म्हणून दोन्ही मिळून ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं. पण त्यासाठी सराव लागतो. आपली साधी साखर म्हणजे निम्मं ग्लुकोज, निम्मं फ्रुक्टोज. महागड्या पावडरीशिवाय काम भागतं ते यामुळेच.

एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम साखर, दीड ग्रॅम मीठ (सपाट पाव चमचा) आणि अर्ध्या लिंबाचा रस. यातून सुमारे ६०० मिलिग्रॅम सोडियम मिळतं. साखर वजनकाट्यावरच मोजा. ‘जरा जास्त ताकद यावी’ म्हणून ती १०० ग्रॅमच्या वर नेली की द्रावण घट्ट होतं, पोटात रेंगाळतं आणि मळमळ सुरू होते.

हे सरबत ताशी अर्धा लिटर घेतलं की ३० ग्रॅम झाले. उरलेल्यासाठी तासाला एक जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक; साधारण २५ ग्रॅम कार्बोहायड्रेट) किंवा एक मध्यम केळं. जेलवर मात्र साधं पाणीच प्या, १५०-२०० मिली. जेलवर सरबत ओतणं हे शर्यतीत पोट बिघडण्याचं फार मोठं कारण आहे, आणि ते सहज टाळता येतं. जी जेल शर्यतीत वापरणार, ती आधीच्या सहा-आठ आठवड्यांच्या लांब धावांत वापरून बघा. आतड्यालाही सवय लावावी लागते.

पाणी किती, हे शेजारच्या धावकाला विचारून कळत नाही. तासभर धावण्याआधी आणि नंतर, घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. समजा ६८ किलोचे ६७.१ झाले आणि मध्ये ४०० मिली प्यायलात, तर घाम १.३ लिटर गेला. तो सगळा भरून काढायचा नसतो. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली की पुरे. वजन वाढलं असेल तर जास्त प्यायलात. वाटेतल्या प्रत्येक पाण्याच्या टेबलावर साधं पाणी रिचवत गेल्यास रक्तातलं सोडियम पातळ होतं: डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपण. अशा वेळी आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. थेट वैद्यकीय मदत घ्या.

दुकानातल्या पूरक आहाराच्या बाकी डब्यांपैकी कामाचं म्हणजे कॅफिन: वजनाच्या दर किलोमागे ३ मिलिग्रॅम, सुरुवातीच्या तासभर आधी. पण झोप उडत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर तेही नको. जेवणात पुरेसं प्रथिन असेल तर बीसीएएवर (अमिनो आम्लांची पावडर) पैसे घालवू नका. पेटक्यांसाठी मॅग्नेशियम सरसकट घेण्यालाही फारसा आधार नाही. लोहाची गोळी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) तपासल्याशिवाय, डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. आणि सुरू केलीत तर चहापासून दोन तास लांब ठेवा.

शर्यतीच्या दिवशी आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी अजिबात नको. शरीर कोरडं असताना ते मूत्रपिंडावर ताण आणतं.