राघूची चोच

दिवाळी नुकतीच झाली होती. येवल्यातल्या आमच्या घरी मागावर चंद्रकळा पैठणी चढली होती: काळं अंग, लाल काठ, अंगभर चांदणीच्या बुट्ट्या. काळ्या ताण्यावर धागा तुटला तर काळ्यात काळा सापडत नाही. म्हणून मी ताण्याखाली पांढरं कापड अंथरतो, बुट्ट्या दिवसाउजेडीच विणतो.

दीड हात विणून झालं होतं. दुपारी, साडी सांगणाऱ्या घरातल्या आजी आल्या. नातसुनेची पहिली संक्रांत होती. आजींनी त्यांच्या आईची चंद्रकळा आणली होती, जुन्या धोतरात गुंडाळून. घडीवर रेशीम विरलेलं, जरतार काळी पडलेली.

मी हौसेनं काठावरची मुनिया दाखवली. पानासारखे हिरवे राघू, एकामागे एक. आजींनी त्यावरून बोट फिरवलं.

"दादा, ह्यांच्या चोची कुठं गेल्या?"

मुनियाच्या चोचीला लाल रेशमाचा ठिपका हवाच. पण तेवढ्यासाठी प्रत्येक राघूला वेगळी तिल्ली, म्हणजे रेशमाची छोटी कांडी लागते, तीही दोन-चार धाग्यांपुरती. वेळ वाचवायला मी ती गाळली होती. कुणाच्या ध्यानात येणार नाही, असं वाटलं होतं.

आजींनी जुना काठ पुढे केला. जरतार विझली होती, पण चोची लालच.

"जात्यावर आम्ही लेकाला राघू म्हणायचो, लेकीला मैना. मुका राघू कसा देऊ पोरीला?" मग बुट्ट्यांकडे बघून म्हणाल्या, "आणि हिला नुसती काळी म्हणू नका. चांदण्या आहेत, म्हणून तर सणाला चालते."

वीस वर्षं मी हे शब्द वापरतोय. पांढरा शिरोदक, पोपटी राघू, काळी चंद्रकळा ही माझ्यासाठी रंगांची नावं होती. रेशीम मागवताना उच्चारायची, एवढंच. त्या दुपारी पहिल्यांदा त्या नावांत पाखरू दिसलं, आभाळ दिसलं.

सुईनं चोची भरता आल्या असत्या. पण पैठणी दोन्ही बाजूंनी सारखी दिसावी लागते, सुईचं काम मागून लगेच कळतं. दीड हात उसवलं. तीन दिवस गेले. बायकोनं लाल रेशमाच्या तिल्ल्या भरून दिल्या.

संक्रांतीच्या आठवडाभर आधी आजी साडी न्यायला आल्या. पदर उघडलाच नाही. काठ उलटा केला आणि खिडकीपाशी बसून एकेक चोच बघत राहिल्या.