तेवीसशेच्या वर जाईना

गेटवेसमोर नांगरलेली डॉक्टरांची चौतीस फुटी शिडाची बोट माझ्या चांगल्या ओळखीची. त्यांचा फोन आला तो रात्री साडेनऊला, आणि आवाजावरूनच कळलं की माणूस हादरलाय. अमावस्या होऊन तीन-चार दिवस झाले होते. भरती दुपारी अडीचच्या सुमारास, म्हणजे साडेपाचला ओहोटी ऐन जोरात. नेमका तेव्हाच मांडव्याहून परतताना वारा पडला. इंजिन सुरू केलं, पूर्ण रेस दिली, तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा (आरपीएमचा) काटा दोन हजारांवर अडकला. समोरून न्हावाशेव्याकडे निघालेलं कंटेनर जहाज येत होतं आणि त्याच्या वाटेतून बाजूला व्हायला यांना वीस मिनिटं लागली.

“सगळं करून झालंय,” डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या मेकॅनिककडून दोन्ही डिझेल फिल्टर बदलून झाले होते, नोझल लॅबमधून तपासून आणली होती, टाकी धुतली होती, पाणबुड्या लावून बोट ढकलणारा पाण्याखालचा पंखा खरवडला होता. शेवटी त्या मेकॅनिकने डिझेल भेसळीचं असल्याचं सांगून हात झटकले. मला या पद्धतीची चीड येते. एकदाही काही मोजलं नव्हतं, नुसते पार्ट बदलले होते. गिऱ्हाइकाच्या पैशाने अंदाज बांधत बसणं याला मी दुरुस्ती म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिंगीतून, म्हणजे छोट्या होडीतून, गेलो. बोटीवर तांडेलमामा होते. थळचे, साठीच्या पुढचे, ही बोट तेच सांभाळतात.

आधी काटा खरा बोलतोय का ते पाहिलं. या इंजिनांत आरपीएमचा सिग्नल अल्टरनेटरकडून येतो. पट्टा सैल झाला की अल्टरनेटर हळू फिरतो आणि काटा कमी दाखवतो. पुलीवर चकाकती पट्टी चिकटवून हातातल्या लेझर टॅकोमीटरने मोजलं. काटा दोन हजार म्हणत होता, खरे निघाले २३५०. पट्टा ताणला. तरीही पूर्ण ताकदीला मिनिटाला ३६०० फेरे घेणाऱ्या इंजिनाने २३५० वर अडणं म्हणजे मोठं दुखणं. पंख्याने घेतलेली ताकद फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेरे दोन-तृतीयांशावर आले की ताकद जेमतेम तीस टक्के उरते. तीस हॉर्सपॉवरचं इंजिन नऊ हॉर्सपॉवरचं झालं होतं.

न्यूट्रलमध्ये पूर्ण रेस दिली तर ३७५० गेलं. म्हणजे केबल पुरी खेचली जातेय, फेऱ्यांवर लगाम ठेवणारा गव्हर्नर ठीक आहे. गिअर टाकून निघालो की पुन्हा २३५०, आणि मागे काळा धूर, पाण्यावर काजळीचा तवंग. हा धूर मला फार बोलका वाटतो. डिझेल कमी पडलं तर इंजिन मरतुकडं होतं, धाप टाकतं, पण असं काळं ओकत नाही. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आहे, हवा कमी आहे किंवा ओझं जास्त आहे. तरी खात्री केलीच. टाकी आणि फिल्टर वगळून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून थेट नळी जोडली. फरक शून्य. भेसळीची गोष्ट तिथेच संपली.

आता ओझं. पंखा खरंच साफ झाला होता का? मुंबईच्या कोमट पाण्यात बार्नॅकल, म्हणजे बुडाला चिकटणारे शिंपल्यासारखे जीव, इतक्या झपाट्याने चढतात की पाणबुड्याच्या शब्दावर मी जात नाही. पण डॉक्टरांची एक सवय फार मोलाची. बोट नवी असल्यापासूनची लॉगबुकं त्यांनी जपली आहेत. त्यात नोंद होती: शांत पाणी, २४०० आरपीएम, ५.१ नॉट (ताशी सागरी मैल). मी पाणी थांबलेलं असताना मोजलं, २३५० ला पाच नॉट. पंखा किंवा बूड घाण असतं तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग पडला असता. ओझं पूर्वीइतकंच होतं, ते पेलणारं इंजिन कमजोर झालं होतं.

एअर फिल्टर काढून पाहिला, तोच आकडा. हवा आत येत होती. मग बाहेर जात होती का?

हे जेमतेम सव्वा लिटरच्या आतलं इंजिन पूर्ण वेगात मिनिटाला दोन हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. जळून गरम झालेला तो सगळा वायू बाहेर पडतो एका वाकड्या बिडाच्या तुकड्यातून, मिक्सिंग एल्बोमधून. तिथेच थंड करायला समुद्राचं पाणी धुरात मिसळतं. काजळी, मीठ, गंज, सगळं एकाच जागी. आणि बोट बांधणाऱ्यांनी तो तुकडा अशा कोपऱ्यात बसवलाय की एका हाताने आरसा धरून दुसऱ्या हाताने पाना फिरवावा लागतो. चार बोल्ट काढायला अकरापासून तीन वाजले. आग वापरायची नाही, बोट फायबरची. तेल सोडायचं, ठोकायचं, थांबायचं, पाव फेरा फिरवायचा. तांडेलमामा टॉर्च धरून शेजारी बसले होते. एक बोल्ट तुटलाच.

एल्बो उजेडात धरला. जिथून दोन बोटं सहज जावीत तिथे माझी करंगळीही अडकत होती. आत दगडासारखा काळा थर. बोटीवर आलेल्या डॉक्टरांना हे दाखवताना मला अभिमान वाटत होता, हे खरं आहे.

त्यांनी विचारलं, इतक्या लवकर कसं झालं? मी तासांचं मीटर पाहिलं, ८५२. माझ्या वहीत दोन वर्षांपूर्वीची नोंद ३१२. लॉगबुकात प्रवासाचे तास सत्तरच्या आत. म्हणजे पावणेपाचशे तास इंजिन नांगरावर, ओझ्याविना, हळू चाललं होतं. डिझेल इंजिनाला याहून वाईट काही नाही. सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते.

डॉक्टर वळून म्हणाले, “मामा, रोज चालवायला तुम्हाला सांगितलं कुणी?”

वही माझ्या हातात उघडीच होती. ३१२ च्या खाली माझंच अक्षर: ‘बॅटरी नवीन. रोज १ तास चार्जिंग, स्लो.’ मीच तांडेलमामांना बजावलं होतं, रेस देऊ नका, इंजिनाला त्रास नको. दोन मोसम, ऑक्टोबर ते मे, त्यांनी एक दिवस चुकवला नव्हता.

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बादली धुवायला घेतली. मी वही मिटली. हत्यारं पुसत राहिलो.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन करून सांगितलं. मजुरी घेणार नाही म्हटलं. ते नीट बोलले, मजुरी घ्यायलाच लावली. पण मामा बादली धूत होते तेव्हा मी गप्प होतो, ते फोनने भरून निघत नाही.

तीन आठवड्यांनी स्टेनलेस स्टीलचा नवा एल्बो आला. बसवून बोट बाहेर काढली, ३४८० आरपीएम, धुराची नुसती रेघ. हळू चालून सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन ऑइल धरेनाशा झाल्यात का, इंजिन ऑइल किती खातं, ते या मोसमात कळेल. त्याची धास्ती आहे.

परतल्यावर मी तांडेलमामांना म्हटलं, चूक माझी होती, तुमच्यावर आली. ते काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, “मग मिस्त्री, आता किती चालवू?”

मी सांगितलं: चार्जिंगला सोलर बसवतोय, रोज चालवायचं नाही. आठवड्यातून एकदा नांगर उचलून बोट बाहेर काढायची, गिअरमध्ये, २८०० वर अर्धा तास.

“लिवून द्या,” ते म्हणाले.

मी वहीचं पान फाडून लिहिलं. त्यांनी ते वाचून घेतलं, आणि परत माझ्यापुढे धरलं.

“खाली सही करा.”