वाड्यातला ट्रॅक्टर

काल रात्री परत 'वाडा चिरेबंदी' हे नाटक वाचायला घेतलं आणि एका बैठकीत संपवलं, झोपेचं पार खोबरं झालं. नाटककार महेश एलकुंचवार मूळचे यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, जमीनदार घरातले, त्यामुळे धरणगावकर देशपांड्यांचा तो पडका वाडा कल्पनेतून आलाय असं वाटतच नाही, आतून बघितलेलं माणूसच असं लिहू शकतं. गोष्ट म्हटली तर एवढीशीच, घरातले वडील तात्याजी गेलेत, मुंबईचा मुलगा सुधीर आणि त्याची बायको अंजली तेराव्यासाठी आलेत आणि खर्च कोणी करायचा यावर सगळं अडलंय. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजत उभा आहे, तो विकायचं कोणाच्याच हातून होत नाही.

मला सगळ्यात जास्त हलवतो तो दागिन्यांचा प्रसंग. रात्री थोरला मुलगा भास्कर पेटी उघडतो आणि त्याची बायको, वहिनी, अंगावर सोनं चढवते, जन्मभर स्वयंपाकघरात राबलेली बाई क्षणभर राणीसारखी उभी राहते... आणि इकडे बहीण प्रभाचं शिक्षण कधीच थांबलेलं, धाकटा भाऊ चंदू मुकाट्याने राबतोय. आमच्या आजोळीपण अशीच एक लोखंडी पेटी होती, किल्ली आजीच्या कमरेला, आणि मावशीचं कॉलेज 'पैसे नाहीत' म्हणून सुटलं. आई अजून त्यावर बोलत नाही.

१९८५ ला विजया मेहतांनी हे पहिल्यांदा बसवलं, १९९४ ला चंद्रकांत कुलकर्णींनी पुढचे दोन भाग जोडून सलग नऊ तासांचा प्रयोग केला. तो बघायला मिळाला नाही याची हळहळ आहेच. आता आईला घेऊन बसणार आहे, मोठ्याने वाचून दाखवीन तिला.